पॅन तुमचा, शिलाई माझी

वाघोली, पुणे
७ जून

अहो,

सप्रेम जय भीम.

"काय असेल ते लेखी दे, तोंडी व्यवहार मी मानत नाही," असं दारात चपला घालता घालता म्हणालात आणि अमरावतीची गाडी धरलीत. तेव्हापासून फोन उचलत नाही. मेसेज वाचता, पण उत्तर द्यायला बोटं दुखतात. सहकार खात्यात पस्तीस वर्षं लोकांचे हिशेब तपासलेत, आता बायकोचे तपासायचे असतील तर तपासा. हे घ्या लेखी. स्पीड पोस्टाने पाठवते आहे, पोचपावती माझ्याजवळ राहील.

संजयभाऊजींना तुम्ही काय रंगवून सांगितलं असेल कोण जाणे, म्हणून झालं ते पहिल्यापासून लिहिते. आपला रिटर्न भरतो तो शेजारच्या बिल्डिंगमधला दिग्विजय पासलकर गेल्या रविवारी कॉम्प्युटर घेऊन आला. तुमची पेन्शन आणि ठेवींचं व्याज, त्यातून पंच्याहत्तर हजारांची सूट वजा, म्हणजे अकरा लाख पासष्ट हजार. बारा लाखांच्या आत, म्हणून कर शून्य. तुम्ही खुर्चीत सरसावून बसलात. ठेवी कोणत्या, किती, कोणत्या बँकेत, हे सगळं तुम्ही त्या बारा लाखांवर डोळा ठेवून केलंत, हे त्या बिचाऱ्या मुलाने तिसऱ्यांदा ऐकून घेतलं.

मग तो म्हणाला, "काका, इथे एका नर्सिंग कॉलेजने तुमच्या पॅनवर टीडीएस कापलाय. शिलाईचं काम. हे तुमचं का?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी तुमच्याकडे पाहिलं. 

वर्षभरात त्या कॉलेजचे एप्रन, पडदे, ऑपरेशनचे गाऊन मी शिवले. कापड त्यांचं, शिलाई माझी. दोरा, वीज आणि सोजरबाईंची मजुरी जाऊन तीन लाख साठ हजार उरले. ते तुमच्या उत्पन्नात मिळवल्यावर झाले सव्वापंधरा लाख, आणि दिग्विजयने आकडा सांगितला: एक लाख तेरा हजार शंभर रुपये कर. व्याज वेगळं.

"तुझ्या शिलाईने मला गोत्यात आणलं. आजच्या आज ती मशीन बंद कर," हे तुमचे शब्द. दिग्विजयसमोर. त्याने कॉम्प्युटरमध्ये मान घातली ती वर काढली नाही.

आता माझं ऐका. कॉलेजने पहिल्या बिलाला पॅन मागितला, तेव्हा माझं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. मी ते बाहेर काढलं होतं. "एका घरात दोन-दोन पॅन कशाला नाचवायचे? व्यवहार माझ्या नावाने राहू दे, बोलायला सोपं," असं म्हणून तुम्ही तुमचं पुढे केलंत. खातंही तुमचंच दिलंत. त्यामुळे मी रात्रंदिवस पाय मारले आणि कमाई तुमची झाली. बरं, झाली तर झाली, आता कर आला तर तो मात्र माझ्या शिलाईमुळे?

दिग्विजय म्हणाला ते तुम्ही अर्धं ऐकून उठलात. उरलेलं अर्धं असं, की ज्याने कमावलं त्याचं उत्पन्न. तुम्ही कॉलेजच्या लेखा विभागाला एक निवेदन द्यायचं, की ही रक्कम माझी नसून माझ्या पत्नीची आहे, तिचं नाव, पत्ता, पॅन आणि कारण अमुक. कॉलेज आपल्या कागदात दुरुस्ती करील. मग तीन लाख साठ हजार माझ्या नावावर येतील, आणि चार लाखांपर्यंत तर कराचा प्रश्नच येत नाही. तुम्ही पुन्हा शून्यावर, मीही शून्यावर. एक लाख तेरा हजार वाचले.

मसुदा सोबत जोडला आहे. खाली सही करून परत पाठवा. तिकीट लावलेलं पाकीटही आत आहे, म्हणजे ते कारण नको.

आम्रपाली


१७ जून

अहो,

उत्तर मिळालं. म्हणजे ज्याला तुम्ही उत्तर म्हणता ते. बायकोला पत्र लिहिताना "आपल्या दि. ७ च्या पत्रावर खालीलप्रमाणे अभिप्राय" अशी सुरुवात करणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा नसेल. बरं झालं जावक क्रमांक नाही टाकलात.

निवेदनावर सही नाही. त्याऐवजी दोन आक्षेप. पहिला, "कागदावर ज्याचे नाव, व्यवहार त्याचा, हे तत्त्व मी नोकरीभर पाळले आहे." दुसरा, की बारा लाखांच्या मर्यादेत अजून पस्तीस हजारांची जागा आहे, तेव्हा यापुढे वर्षाला पस्तीस हजारांइतकीच शिलाई करावी.

हे दुसरं वाचून मी हसले की रडले ते मला आठवत नाही. सोजरबाई म्हणाल्या, "बाई, काय झालं वो? कुनी गेलं का?" मी म्हटलं, कोणी गेलं नाही, हिशेब गेला.

पस्तीस हजारांची शिलाई म्हणजे वर्षातून महिनाभर काम. उरलेले अकरा महिने मी काय करू, तुमच्या शून्याची राखण? अहो, लेखापरीक्षक होतात ना तुम्ही? उत्पन्न वाढलं की कर वाढतो, पण सगळं उत्पन्न उचलून वरच्या दराला लागत नाही. पहिल्या चार लाखांना काही नाही, पुढच्या चारांना पाच टक्के, त्यापुढच्या चारांना दहा, आणि बाराच्या वर जे जाईल तेवढ्यालाच पंधरा, शिवाय आलेल्या करावर चार टक्के सेस. बारा लाखांच्या आत सरकार सगळाच कर माफ करतं, म्हणून उंबरठा ओलांडला की एकदम अंगावर येतो, हे खरं. दिग्विजयने तेही प्रामाणिकपणे सांगितलं, की बाराच्या वरचे पहिले सत्तर हजार मिळवले काय नि न मिळवले काय, हातात जवळजवळ सारखंच राहतं. पण मी सत्तर हजारांवर थांबलेले नाही. सगळं तुमच्याच नावावर राहिलं, पूर्ण कर भरला, तरी तीन लाख साठ हजारांतले दोन लाख सेहेचाळीस हजार नऊशे उरतात. तुम्हाला जातात ते दिसतात, उरतात ते दिसत नाहीत. आणि ते वाचवायला तुम्ही म्हणता मुळात मिळवूच नको. कुठल्या सोसायटीच्या सचिवाने असा हिशेब तुमच्यापुढे ठेवला असता, तर तुम्ही त्याला बाकावर उभा केला असता.

आणि हे सगळं कशासाठी, तर एक सही करायची नाही म्हणून. माझ्या नावावर टाका, एक पैसा कर नाही. इतकं साधं आहे, तरी तुम्ही पस्तीस हजारांची पळवाट शोधून काढता. माझं डोकं खरंच चालेनासं झालंय.

तत्त्वाबद्दल म्हणाल, तर कागदावर नाव तुमचं आहे हे मान्य. पण कागद खोटा आहे. खोटा कागद सापडल्यावर तुम्ही काय करत होतात? तत्त्व म्हणून जपून ठेवत होतात?

कापलेल्या गाऊनचे दोन गठ्ठे हॉलमध्ये पडून आहेत. मी शिवते आहे. बंद केलेलं नाही, हेही लेखी.

आम्रपाली


२६ जून

अहो,

आज दोन गोष्टी घडल्या. दोन्ही लिहिते, मग तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या.

सकाळी बँकेत गेले होते. मी तुम्हाला म्हटलं होतं ना, मला मोठी ओव्हरलॉक मशीन घ्यायची आहे? कॉलेज आता वसतिगृहाच्या चादरी आणि उशांचे अभ्रेही द्यायला तयार आहे. घरच्या दोन मशीनवर ते होणार नाही. मशीनसाठी कर्ज हवं. बँकेत स्पृहा म्हणून एक मुलगी बसते, बोलायला गोड. तिने विचारलं, "मॅडम, मागच्या वर्षीचं तुमचं इन्कम किती?" मी म्हटलं, तीन लाख साठ हजार. तिने पॅन टाकून पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, इथे तर काहीच दाखवत नाहीये. तुम्ही हाउसवाइफ आहात ना? मग मिस्टरांच्या नावाने अप्लाय करा, त्यांचं प्रोफाइल मस्त आहे."

माझ्या हाताच्या बोटांना सुयांची छिद्रं आहेत. मी ती टेबलाखाली धरली. का धरली, माहीत नाही. म्हटलं, माझ्याच नावाने हवं आहे. ती म्हणाली, "मग या वर्षीचा रिटर्न तुमच्या नावाने भरून आणा, त्यात बिझनेस इन्कम दिसू दे, करून टाकू."

म्हणजे ते निवेदन आता कर वाचवण्यापुरतं राहिलेलं नाही. मला माझी मशीन त्याच्यावर मिळणार आहे. हे तुम्हाला नीट कळावं म्हणून वेगळ्या ओळीवर लिहिते:

तुम्ही सही केली नाही, तर सरकारदरबारी मी गेल्या वर्षी काहीही केलेलं नाही.

दुसरी गोष्ट. दुपारी रुपालीचा फोन आला. तुमच्या भावजयीचा फोन म्हणजे अर्धा तास, तुम्हाला माहीतच आहे. म्हणाली, "ताई, मोठे भाऊजी तं इथं लय मोठे ठेकेदार झाले ना! सगळ्यायले कार्ड वाटून राहिले. यायच्या मित्रालेही दिलं. तुम्ही आम्हाले सांगितलंच नाही!"

मी विचारलं, कसलं कार्ड? तिने फोटो पाठवला.

भीमराव खंडारे, प्रोप्रायटर. महाविद्यालय व रुग्णालय गणवेश. खाली आपल्या फ्लॅटचा पत्ता. कोपऱ्यात शिलाई मशीनचं चित्र.

अहो, तुम्हाला बॉबिन भरता येत नाही. पायाखाली पॅडल कुठलं नि टेकू कुठला, ते ठाऊक नाही. सुई तुटली तर तुम्ही दुसऱ्या खोलीतून हाक मारता, "अगं, काहीतरी वाजलं बघ." प्रोप्रायटर!

म्हणजे सही अडली आहे ती तत्त्वासाठी नव्हे. संजयभाऊजींसमोर, आणि त्या कार्ड मिळालेल्या सगळ्यांसमोर, "काम बायकोचं होतं" हे निघेल म्हणून. हे मला तुम्ही सांगितलं असतंत तर मी इतकी पत्रं लिहिली नसती. एकच लिहिलं असतं, पण फार वाईट लिहिलं असतं.

आज याहून जास्त लिहिलं तर तोंडात येऊ नये ते येईल.

आम्रपाली


६ जुलै

अहो,

दहा दिवस गेले. तुमच्याकडून काही नाही. रुपाली म्हणते, जेवता नीट, पण संध्याकाळी फिरायला जात नाही. कार्डं वाटणंही थांबलंय म्हणे. माझं पत्र मिळाल्याची तेवढीच पोच.

राग आहेच. तो गेला असं समजू नका. पण बोलायचं ते सगळं बोलावं, नाहीतर मीही तुमच्यासारखी अर्धा हिशेब दाखवणारी ठरेन.

गठ्ठे तुम्ही नेलेत, हे खरं आहे. ॲक्टिव्हावर पुढे एक, मागे एक, नगर रोडच्या त्या ट्रॅफिकमधून. बिलं तुम्ही केलीत. कॉलेजने दोनदा पैसे लांबवले तेव्हा त्यांच्या लेखा विभागात जाऊन बसलात आणि चेक घेऊनच उठलात. तुम्ही नसल्यापासून रिक्षावाला एका फेरीचे दोनशे मागतो. सोजरबाई परवा म्हणाल्या, "सायेब हायेत तवर कळत न्हाई बगा. आता कोन नेनार ह्ये?" मला ते ऐकून वाईट वाटलं. तुमच्यासाठीही वाटलं.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष मी पाहिलंय. सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायचात. फोन वाजला की तो माझाच असायचा. मग शिलाईचं काम आलं आणि तुमच्या हातात पुन्हा फाइल आली. कोणी विचारलं, "सध्या काय करता?" की सांगायला काहीतरी मिळालं. मला तेव्हा बरं वाटलं होतं. नाव तुमचं लागलं याचं मला तेव्हा काही वाटलंही नाही, कारण मला वाटलं आपलंच आहे. पण आपलं असं कुठे असतं? करखात्यात आपलं असा रकानाच नाही. एक तर तुमचं, नाहीतर माझं.

म्हणून माझा प्रस्ताव. या वर्षापासून बिलं, वसुली आणि गठ्ठ्यांची ने-आण तुम्ही करायची आणि मी तुम्हाला त्याचा मोबदला द्यायचा. रीतसर. दरमहा दोन हजार नऊशे. त्याहून जास्त मी देऊ शकते, पण तुम्हाला परवडणार नाही. तुमच्या बारा लाखांत तेवढीच जागा आहे. कार्डावरही नाव राहू द्या, फक्त प्रोप्रायटरच्या जागी व्यवस्थापक करा. छापण्याचे पैसे मी देते.

एवढ्यावर भागतंय का बघा. मी इथवर आले आहे, आता एक पाऊल तुम्ही टाका. कॉलेजच्या लेखा विभागाने सांगितलंय, निवेदन या पंधरवड्यात आलं तर त्यांना दुरुस्ती करणं सोपं जाईल. मसुदा पुन्हा जोडला आहे. कारणाची जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे. ते तुमच्या शब्दांत लिहा. एक ओळ पुरे.

माझ्या नावाने नवीन बचत खातं उघडलं. क्रमांक खाली देते. पुढची बिलं त्यात जमा होतील.

पावसाळी चप्पल इथेच राहिली आहे तुमची. तिकडे चिखलात बूट घालून फिरू नका.

आम्रपाली


२३ जुलै

अहो,

तुमचं पाकीट मिळालं. हाताला जाड लागलं म्हणून मला वाटलं, निवेदन आलं. सोजरबाईंना म्हटलं सुद्धा, की साहेबांनी सही केली बघा. कात्री शोधत बसले नाही, दातांनी फाडलं.

आत तुम्ही तिकडूनच परस्पर भरलेल्या रिटर्नची प्रत. कर भरल्याचं चलन. आणि चिठ्ठी: "कर माझ्या ठेवीतून भरला आहे. तुझे तीन लाख साठ हजार संपूर्ण तुझ्या खात्यात वर्ग केले. तुला एक पैशाचेही नुकसान नाही. आता तक्रार नसावी. प्रकरण बंद."

ठेव मोडलीत. ज्या ठेवी त्या बारा लाखांवर डोळा ठेवून तुम्ही एकेक करून लावल्या, त्यातली एक मोडलीत. व्याजासकट सरकारला सव्वा लाखाच्या आसपास दिलेत. जे भरायचं काहीच कारण नव्हतं, ते भरलंत. का, तर एक ओळ लिहावी लागू नये. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडणारे तुम्ही! मी ते चलन टेबलावर ठेवून पाहत बसले आणि मला आधी तुमचा इतका राग आला, की पुणे-अमरावती गाडीचं तिकीट काढून तिथे येऊन भांडावंसं वाटलं. मग वाटलं, या माणसाने माझ्यासाठी स्वतःच्या खिशाला एवढी झळ लावून घेतली. कोणी ऐकलं तर म्हणेल, किती चांगला नवरा. आणि तुम्ही चांगले आहातच, हेच तर माझ्या मुळावर आलंय. वाईट असतात तर सोपं गेलं असतं.

काल ते पैसे घेऊन, म्हणजे पासबुक घेऊन, पुन्हा बँकेत गेले. म्हटलं, रिटर्न नसला तर नसला, खात्यात रक्कम तर आहे. स्पृहाने पाहिलं, तिचा चेहरा खुलला.

"वा मॅडम! मिस्टरांनी तीन लाख साठ हजारांचं गिफ्ट दिलंय तुम्हाला. काही ॲनिव्हर्सरी वगैरे?"

मी म्हटलं, नाही, ही माझी वर्षभराची कमाई आहे.

ती जरा गोंधळली. मग हळू आवाजात, मला समजावून सांगावं तसं म्हणाली, "मॅडम, नवऱ्याने बायकोला दिलेले पैसे गिफ्ट धरतात. त्यावर टॅक्स नाही, टेन्शन घेऊ नका. पण ते तुमचं इन्कम नाही होत. लोनला मला ते दाखवता नाही येणार."

संध्याकाळी दिग्विजयला विचारलं. त्यानेही मान हलवली. तुमच्या रिटर्नात ते उत्पन्न तुमचं म्हणून गेलं, तुम्ही त्यावर कर भरलात, म्हणजे ते तुमचं हे तुम्हीच सरकारला सही करून सांगितलंत. त्यानंतर ते माझ्याकडे आलं ती तुमची कृपा.

वर्षभर पाठ मोडून शिवलेले एप्रन. परीक्षेच्या आधी त्या मुलींना घाई होती म्हणून ताप असताना पुरे केलेले गाऊन. ते सगळं आता तुमच्याकडून मला मिळालेली भेट आहे. आणि तुम्ही म्हणता, एक पैशाचं नुकसान नाही.

तुम्ही हे जाणूनबुजून केलं नाहीत, ते मला माहीत आहे. तुम्हाला वाटलं, पैसे दिले की भांडण मिटतं. पण मी पैसे मागितलेच नव्हते. हे धरून पाचही पत्रं काढून बघा, एकात तरी "पैसे पाठवा" असं लिहिलंय का. मी मागत होते ती एक ओळ. ती तुम्ही सोडून सगळं दिलंत.

दिग्विजय म्हणतो, रिटर्न सुधारून भरायला अजून मुदत आहे. कॉलेज उशिरा का होईना दुरुस्ती करील. भरलेला करही परत मिळेल. म्हणजे काहीच हाताबाहेर गेलेलं नाही, तुमच्याकडून लिहून यायचं तेवढं राहिलंय.

आज सकाळी बँक उघडल्या उघडल्या गेले आणि तीन लाख साठ हजार रुपये तुमच्या खात्यात परत केले. स्पृहाने दोनदा विचारलं, "मॅडम, नक्की ना? सगळे?" मी म्हटलं, सगळे.

मला नवऱ्याकडून भेट नको आहे. माझी कमाई माझी म्हणून पाठवाल, त्या दिवशी घेईन.

आम्रपाली